थंडी गृहीत धरणारी शाळा

म्लादा बोलेस्लाव (चेक प्रजासत्ताक), जानेवारी

नाताळची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात आमच्या आंतरराष्ट्रीय शाळेचे लांबलचक पत्र येते. अर्धे इंग्रजीत, अर्धे चेकमध्ये. सहामाहीचा निकाल कोणत्या दिवशी मिळणार, त्यानंतरची एक दिवसाची सुट्टी कधी, वसंताची सुट्टी कोणत्या आठवड्यात, पोहण्याच्या तासाला काय द्यायचे, आजारी मुलाचे जेवण कसे रद्द करायचे, बर्फावरच्या शिबिराचे पैसे कधीपर्यंत भरायचे, अशा सूचनांनी ते भरलेले असते. नवीन आलेले पालक वरवर नजर टाकून ते बाजूला ठेवतात. माझे मत असे की या देशाची ओळख करून घ्यायची असेल तर प्रागच्या जुन्या पुलावर जाण्याआधी हे पत्र नीट वाचावे.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना हे गाव अगदीच अनोळखी नाही. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून ज्या स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या, तिचे माहेर हेच. वाक्लाव लौरिन आणि वाक्लाव क्लेमेंट या दोघांनी १८९५ मध्ये इथे सायकलींचा धंदा सुरू केला, त्यातून पुढे मोटारी आल्या. आजही यिझेरा नदीकाठचे हे छोटे शहर कारखान्याच्या पाळ्यांवर जागे होते आणि झोपते. म्हणूनच इथल्या शाळांत जर्मन, स्लोव्हाक, स्पॅनिश मुलांबरोबर पुण्याची आणि आपल्याकडची मुलेही दिसतात.

पत्रातली पहिली सूचना अंधाराबद्दल असते. आपण विसाव्या अक्षांशाजवळचे; आपला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा. इथे पन्नासाव्या अक्षांशावर डिसेंबरअखेर सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. शाळा भरते आठला. म्हणजे पहिलीतले मूल घरातून निघते तेव्हा रात्रच असते. दप्तरावर आणि बाहीवर चकाकणारी पट्टी लावा, असे शाळा बजावते. त्यामागे कायदा आहे. दिवे नसलेल्या रस्त्यावर, गावाबाहेर, कमी उजेडात पायी चालणाऱ्याने अशी पट्टी लावलीच पाहिजे, असा नियम इथे फेब्रुवारी २०१६ पासून लागू आहे. मोठ्यांनाही तो लागू आहे आणि मोठे तो पाळतात, त्यामुळे मुलांना त्याचे वेगळे कौतुक सांगावे लागत नाही.

दुसरी सूचना सपातांची. चेक शाळेत बाहेरच्या बुटांनी वर्गात जायचे नसते. आत शिरताच कपाटांची रांग, प्रत्येक मुलाचे एक. हे दृश्य एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. सहा वर्षांचे मूल बाकावर बसते, दातांनी हातमोजा ओढून काढते, बर्फाने जड झालेल्या बुटाची चेन दोन्ही हातांनी खाली सारते, जाड पँट पायातून सोडवताना एका पायावर तोल सांभाळत उभे राहते. मग टोपी बाहीत खोचायची, म्हणजे हरवत नाही. वर्गशिक्षिका शेजारी उभी असते. तिला मदत करायला दोन मिनिटेही लागली नसती, पण ती मदत करत नाही, वाट पाहते. पत्रातही तसेच लिहिलेले असते : कपडे असे द्या, जे मुलाला स्वतःचे स्वतः घालता-काढता येतील; बुटांना नाड्या शक्यतो नकोत; प्रत्येक वस्तूवर नाव हवे. आपल्याकडून आलेल्या आईला सुरुवातीला ती शिक्षिका कठोर वाटते. फेब्रुवारी उजाडेपर्यंत तिचेच मूल घरी आल्यावर न सांगता बूट जागेवर ठेवू लागलेले असते.

थंडी आहे म्हणून मुले आत कोंडून ठेवायची, ही कल्पना इथे नाही. बालवाड्यांसाठीच्या सरकारी नियमांत वर्षानुवर्षे उणे १० अंशांची मर्यादा घातलेली होती; पारा त्याखाली गेला, जोराचा वारा सुटला किंवा धुरके जमिनीलगत साचून राहिले तर बाहेरची वेळ कमी करावी, एरवी मुलांनी बाहेर जायचेच. प्राथमिक शाळेत पोहणे सक्तीचे आहे, पहिल्या पाच वर्षांत मिळून किमान ४० तास, आणि ते भर हिवाळ्यातही चालते. त्यासाठी पत्रात मोठा टॉवेल, केस वाळवायला पुरेसा वेळ आणि कान झाकणारी टोपी यांची खास आठवण असते. ओल्या केसांनी मूल बाहेर पडलेले चेक आजींना अजिबात खपत नाही. या बाबतीत त्यांचे आणि आपल्या आज्यांचे एकमत व्हावे.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग, आजारपणाचा. जानेवारी-फेब्रुवारीत तापाची साथ वर्गावर्गातून फिरते. पत्रात लिहिलेले असते की ताप किंवा जोराचा खोकला असेल तर मूल घरी ठेवा, डॉक्टरांना दाखवा, शाळेला सकाळीच कळवा आणि दुसऱ्या दिवसापासूनचे जेवण रद्द करा. ही वाक्ये आपल्या शाळांच्या सूचनांतही असतात. फरक आहे तो वाक्यामागे काय उभे आहे त्यात.

इथे दहा वर्षांखालचे मूल आजारी पडले की आई किंवा वडील घरी राहू शकतात. मुलांचे डॉक्टर तसा दाखला संगणकावरून थेट सरकारी विमा कार्यालयात पाठवतात. त्यावर नऊ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, एकट्या पालकाला सोळा दिवसांपर्यंत. तो ठरवून दिलेल्या आधारपगाराच्या ६० टक्के असतो. आई-वडील मध्येच एकदा अदलाबदलही करू शकतात : पहिले काही दिवस एकाने राहायचे, मग दुसऱ्याने. कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर उभा राहणारा कामगार आणि कार्यालयातला व्यवस्थापक, दोघांनाही नियम एकच. मालकाची मर्जी सांभाळावी लागत नाही, कारण पैसे मालक देत नाही, विमा देतो.

आपल्याकडे राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता आहे, पण तो कामगार स्वतः आजारी पडला तर. मूल तापाने फणफणले असेल तर त्यात जागा नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण वाळूजला पाळीने काम करणाऱ्या बाईचा त्याच्याशी संबंध येत नाही. तिला खाडा म्हणजे पगारात कपात. मग ती सकाळी गोळी देऊन ताप उतरवते आणि मुलाला शाळेत पाठवते. शाळेने कितीही वेळा डायरीत लिहिले तरी तिच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. तिला बेजबाबदार म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचा मला राग येतो. शाळेने पालकांवर जबाबदारी टाकायची तर ती पार पाडण्याची सोयही कोणीतरी करून ठेवायला हवी. चेक लोकांनी ती केली आहे.

जेवणाचा नियमही सांगण्यासारखा आहे. इथल्या सार्वजनिक शाळांत दुपारचे गरम जेवण शाळेच्या खानावळीतच होते आणि त्यात सरकारचा वाटा असतो. मूल अचानक आजारी पडले तर पहिल्या दिवसाचे जेवण पालक घरी नेऊ शकतात. दुसऱ्या दिवसापासून ते रद्द करावे लागते, नाहीतर पूर्ण किंमत मोजावी लागते. ते न्यायला पालक काय घेऊन येतात? एकावर एक कप्पे रचलेला, वरून दांडीने आवळलेला डबा. पैठण गेटच्या भांड्यांच्या दुकानात टांगलेला असतो तसाच. कोणी बाबा एका हातात तो डबा आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी घेऊन बर्फातून घराकडे निघालेला दिसतो. कप्प्यात सूप, शिजवलेल्या पिठाचे जाड काप आणि रस्सा. शाकाहारी मुलांची खानावळीत थोडी ओढाताण होते, हे खरे. त्यांना वाचवते ती दुधात शिजवलेल्या रव्याची गोड लापशी, वर लोणी आणि कोको. ती असली की आपली मुले पुन्हा वाढून घेतात.

निकालाबद्दलची सूचना छोटी असते, पण तिच्यामुळे संभाजीनगरला फोन करावा लागतो. पहिले सत्र ३१ जानेवारीला संपते आणि त्याच सुमारास प्रगतिपत्रक मिळते. इथे १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे नापास. सगळ्या विषयांत एक-एक पाहून आजी-आजोबा घाबरतात; त्यांना आधीच सांगून ठेवावे.

वसंताच्या सुट्टीची गोष्ट मात्र मोठी आहे. नाव वसंताचे असले तरी ती बर्फातच येते, फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. सगळ्या देशाला एकदम नाही. जिल्ह्यांचे सहा गट केलेले आहेत, प्रत्येक गटाला एकेक आठवडा, आणि क्रम दरवर्षी फिरतो. प्राग शहरसुद्धा दोन भागांत विभागलेले आहे. त्यामुळे क्रकोनोशेच्या डोंगरांत बर्फावर घसरायला जाणाऱ्या कुटुंबांची एकाच वेळी झुंबड उडत नाही, छोट्या खानावळींना सहा आठवडे काम मिळते आणि एकच जिल्हा दरवर्षी चांगल्या बर्फाला मुकत नाही.

या सुट्टीची मुळे कोळशाच्या टंचाईत आहेत, असे इथले जुने लोक सांगतात. १९७८ च्या शेवटच्या रात्रीची आठवण तर साठीच्या पुढच्या प्रत्येकाला आहे. नववर्षाच्या त्या रात्री पाऊस थांबून पारा एका दिवसात पंचवीस-तीस अंशांनी कोसळला. ओला कोळसा वॅगनमध्येच गोठला, वीजकेंद्रांना पुरवठा होईना, आणि साऱ्या देशातल्या शाळा जवळजवळ पूर्ण जानेवारी बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या इमारतीतल्या आजी तेव्हा शाळेत होत्या. मुलांना बर्फात खेळायला मिळालेली ती सर्वांत मोठी सुट्टी, असे त्या सांगतात आणि लगेच पुढे जोडतात, घरात मात्र एकाच खोलीत शेगडी पेटायची.

हवामान पाहून शाळेचे वेळापत्रक बेतायचे, हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे प्रश्न उन्हाचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, उर्वरित महाराष्ट्रात पंधरा जूनच्या सुमारास. आणि मराठवाडा धरला जातो तो ‘उर्वरित’मध्ये, कोकणाबरोबर. एप्रिल-मेमधला परभणी-नांदेडचा पारा ज्याने अनुभवला आहे त्याला या विभागणीचे आश्चर्य वाटते. मार्च २०२५ च्या अखेरीस शासनाने सकाळी सातला शाळा भरवण्याचा आदेश काढला, तोही राज्यभर एकसारखा. चेक प्रजासत्ताक आकाराने महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे मोठे. एवढ्याशा देशाला जिल्ह्यांचे सहा गट करून दरवर्षी क्रम फिरवणे जमते, तर आपल्यालाही हवामान पाहून जिल्ह्यांचे गट करता येतील. इथल्या मुख्याध्यापकांना वर्षात पाच दिवसांपर्यंत सुट्टी स्वतःच्या अधिकारात जाहीर करता येते. पाण्याचा नळ फुटला, गरम करणारी यंत्रणा बंद पडली तर मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. शहरात आठवड्यातून एखाद्या दिवशीच नळाला पाणी येते तेव्हा संभाजीनगरच्या एखाद्या मुख्याध्यापिकेला असा अधिकार किती उपयोगी पडेल, हे तिलाच विचारावे.

बर्फावरचे शिबिर बहुधा सातवीच्या सुमारास असते, आठवडाभराचे. शिरस्त्राण सक्तीचे. साहित्य विकत घेतले तर खर्च जड जातो, म्हणून पालक आपसांत लहान झालेले बूट आणि पट्ट्या विकतात किंवा भाड्याने आणतात. खर्च झेपत नसेल तर वर्गशिक्षिकेशी बोला, अशी एक ओळ पत्रात असते, आणि बोलल्यावर खरोखर मार्ग निघतो. आपली मुले पहिल्या दिवशी पडून पडून रडकुंडीला येतात. चौथ्या दिवशी छोट्या उतारावरून खाली येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून सगळे पैसे वसूल होतात.

सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाचेही एक निमंत्रण पत्रात असते. कागदी मुकुट घातलेली तीन मुले एका मोठ्या माणसाबरोबर दारोदार जातात, गाणे म्हणतात, मोहोरबंद डब्यात गरजूंसाठी पैसे गोळा करतात आणि दारावर खडूने तीन अक्षरे व वर्ष लिहून जातात. आमच्या दारावर ते खडूचे लिखाण तिळगुळाच्या दिवशीही तसेच होते. तिळाच्या वड्या आम्ही वर्गात पाठवल्या त्या मात्र आधी कळवून, शेंगदाणे न घालता. वर्गात कोणाला शेंगदाण्याची बाधा होते ते शाळेच्या पत्रातच लिहिलेले होते.

येत्या महिन्यांत कामासाठी इकडे येणाऱ्या कुटुंबांना तीन गोष्टी सांगतो. लोकरी स्वेटरांनी बॅगा भरू नका. इथे घरे आणि वर्ग उबदार असतात. लागतो तो पाणी न शिरणारा जाड बाहेरचा कोट आणि बूट, आणि ते इथेच चांगले मिळतात. मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद मात्र भाषांतरासह हाताशी ठेवा, बालवाडीत तर लसींशिवाय प्रवेशच अडतो. आणि विमानाचे तिकीट काढण्याआधी आपल्या जिल्ह्याचा सुट्टीचा आठवडा शाळेला विचारून घ्या. त्या आठवड्यात पोहोचलात तर प्रवेशाचे कागद घ्यायला शाळेत बहुधा कोणी भेटणार नाही.