सिग्नल गेलाय

पावसाळ्यात लोकल मध्येच थांबली की दारात उभा असलेला कुणीतरी आत बातमी देतो, "सिग्नल गेलाय." आतले चुकचुकतात आणि मोबाइल काढतात. सिग्नल जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. ज्या गाडीवर रोज सत्तर-पंचाहत्तर लाख लोकांचं पोट अवलंबून आहे, तिच्याबद्दल आपल्याला माहीत असतं ते एवढंच: कुठला डबा कुठल्या जिन्यासमोर येतो.

गाडीच्या डोक्यावरची तार २५ हजार व्होल्टची असते. पण गाडी पुढे सोडायची की नाही, हे ठरतं पायाखालच्या अगदी किरकोळ विजेवर. रूळ तुकड्यातुकड्यांत विभागलेले असतात. प्रत्येक तुकड्यात एका टोकाकडून दोनचार व्होल्टची वीज सोडतात आणि दुसऱ्या टोकाला ती एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, उचलून धरते. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, वीज रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडते आणि मागचा सिग्नल लाल होतो. अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये शोधलेली ही युक्ती. तिच्यातली खरी हुशारी अशी, की तार तुटो, बॅटरी बसो, नाहीतर रूळच तडकून वीज अडो, सिग्नल लालच होतो. शंका आली की थांब, एवढंच तिला शिकवलेलं आहे.

आता यात पाऊस घाला. रुळांखालची खडी स्वच्छ असेल तर पाणी झिरपून जातं. पण वर्षभराचा चिखल, माती, खिडकीतून फेकलेल्या वेफर्सच्या पिशव्या असं सगळं तिच्यात दाटलेलं असतं. हा लगदा भिजला की वीज एका रुळातून दुसऱ्या रुळात गळते, रिले पडते आणि पुढे गाडी नसतानाही सिग्नल लाल. म्हणजे सिग्नल गेलेला नसतो. पाण्याला गाडी समजून तो इमानेइतबारे अडून बसलेला असतो. म्हणूनच हल्ली बऱ्याच ठिकाणी चाकं मोजणारे ॲक्सल काउंटर बसवले आहेत. त्यांना ओल्या खडीचं काही वाटत नाही. मात्र त्यांच्या रुळाकाठच्या पेट्या बुडाल्या की तेही गप्प होतात. सांधे बदलणाऱ्या मोटरींचीही तीच कथा.

स्वयंचलित सिग्नल लाल दिसला तर मोटरमनने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, मग समोर बघत, कधीही थांबता येईल अशा बेताने पुढे सरकायचं, असा नियम आहे. एरवी तीन-चार मिनिटांनी गाडी सुटते त्या मार्गावर असे ओळीने सात-आठ सिग्नल लाल झाले की मागे काय होईल ते सांगायला नको. गाड्या एकामागे एक लागतात. दादरला इंडिकेटरवर ८.१२ दिसत असते आणि घड्याळात नऊ वाजलेले असतात.

बारा डब्यांच्या गाडीत बसायची सोय साधारण बाराशे जणांची, पण ऐन गर्दीत माणसं चार-साडेचार हजारांच्या वर जातात. त्यात खिडक्या बंद, पंखा गरम वाफ फिरवतोय, बाकाच्या कडेवर टेकलेल्या चौथ्या सीटवाल्याच्या गुडघ्यावर कुणाची तरी छत्री ठिबकतेय.

"पुढे पाणी आहे का हो?"

"काका, सायनला भरलंय म्हणे. ग्रुपवर फोटो आलाय."

"तो गेल्या वर्षीचा असेल."

अर्ध्या तासाने दोघंतिघं खडीवर उड्या मारतात आणि मग अख्खा डबा उतरायच्या विचारात पडतो. बायकांच्या डब्यातून उतरणं जास्त अवघड. दाराची पायरी जमिनीपासून चांगली कमरेएवढी, खाली खडी, शेजारच्या रुळावरून गाडी येईल ही भीती आणि हातात डब्याची पिशवी.

सिग्नलवर अडलेली गाडी निदान सरकते तरी. पाणी रुळांच्या माथ्यावर चारेक इंच चढलं की तेही संपतं. बारा डब्यांत साधारण चार मोटर-डबे आणि प्रत्येकाखाली चार मोटरी. त्या थेट आसाला धरून बसवलेल्या असतात. चाकाचा व्यासच मीटरपेक्षा थोडा कमी, म्हणजे मोटरचं पोट रुळापासून फार तर वीतभर उंच. तिथे पाणी शिरलं की वेटोळ्यांचं इन्सुलेशन जातं.

आता सायन-कुर्ला हेच नाव दरवर्षी का? १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा सायन हे मुंबई बेटाचं टोक होतं आणि त्यापुढे खाडी, खाजण, मिठागरं. विहार आणि पवई तलावांचं उतू जाणारं पाणी घेऊन मिठी नदी तिथूनच माहीमच्या खाडीकडे जाते. पुढे खाजण बुजलं, भोवतालचे रस्ते थरावर थर चढत उंच झाले. रूळ मात्र मनात येईल तसे उचलता येत नाहीत. ते वर घेतले तर फलाट, वरची तार आणि डोक्यावरचे पूल, सगळंच बदलावं लागतं. काही ठिकाणी थोडी उंची वाढवली, सँडहर्स्ट रोडजवळ रुळांखालून मायक्रोटनेलिंग करून नव्या वाहिन्या टाकल्या. उपयोग झाला. पण रेल्वेच्या मोरीतलं पाणी शेवटी पालिकेच्या नाल्यात आणि नाल्यातलं खाडीतच जाणार, आणि भरतीच्या वेळी समुद्र ते घेत नाही. लोक शिव्या घालतात रेल्वेला. माझ्या मते त्यातल्या निम्म्या शिव्यांचा पत्ता चुकीचा आहे.

शहरातली जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ५० वर न्यायला सांगितली. तो बरीच वर्षं कपाटातच होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला (कुलाब्याला पाऊणशेच्या आत!) तेव्हा कुठे घाई सुरू झाली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. सायन, कुर्ला, चुनाभट्टीच्या उपयोगाचं होतं ते माहुलचं, आणि नेमकं तेच मिठागराच्या जमिनीवरून वर्षानुवर्षं अडकलं.

पावसाळ्याआधी रेल्वे आपल्या परीने हातपाय मारते. मोऱ्या उपसतात, रुळांलगतचा गाळ आणि कचरा गोण्यांत भरतात. तो उचलायला मक स्पेशल नावाची गाडी फिरते, बहुधा रात्री, शेवटची लोकल गेल्यावर. तिला ना पास लागतो ना गर्दी होते. त्या गोण्यांत थर्माकोल आणि प्लॅस्टिकच जास्त असतं, म्हणजे आपणच वर्षभर खिडकीतून पाठवलेला माल.

पाणी ओसरल्यावरही लगेच सगळं सुरळीत होत नाही. आधी माणसं चालत जाऊन रूळ बघतात. खडी वाहून गेलेली नाही, रूळ बसलेला नाही, याची खात्री झाल्यावर पहिली गाडी हळू सोडतात. बुडालेले रेक कळवा, कुर्ला, सानपाड्याच्या कारशेडमध्ये जातात. तिथे मोटरींचं इन्सुलेशन मेगर नावाच्या मीटरने मोजतात. आकडा कमी आला की गरम हवेने मोटर सुकवायची आणि पुन्हा मोजायचं. एकेका गाडीच्या सोळा मोटरी. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं, कल्याणच्या फलाटावर माणसं इंडिकेटरकडे बघत ओरडतात की आज पावसाचा थेंब नाही, तरी ९.०४ रद्द का? ती ९.०४ कळव्याला पिटवर उभी असते, आणि अकराव्या मोटरचा आकडा अजून वर आलेला नसतो.