भंगारातून लाकूड फोडण्याची पाचर: बनवा, पण तिला पाणी देऊ नका

कर्जत तालुक्यातील पोशीर, कळंब, नेरळ भागात भाताची झोडणी आटोपली की पावसाळ्याच्या सरपणाची तयारी सुरू होते. वाऱ्याने पडलेला आंबा किंवा ऐन नुसत्या कुऱ्हाडीने फोडायचा म्हणजे दिवस मोडतो आणि दांडेही मोडतात. दोन लोखंडी पाचरी आणि एक घण असेल तर हेच काम बरेच हलके होते. पाचर भंगारातील लोखंडातून गावच्या लोहाराकडे बनवता येते. मात्र लोखंडाची निवड चुकली तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते.

माप किती असावे?

लांबी 20 सें.मी., रुंदी 5 सें.मी. आणि डोक्याची जाडी 4 सें.मी. ठेवावी. अशा पाचरीचे वजन सुमारे दीड किलो भरते. लांबी जाडीच्या पाचपट असल्याने घणाचा जोर बाजूला कितीतरी वाढून लागतो. पाचर आखूड आणि जाड केली तर ती चिरेतून उसळून बाहेर येते. फार पातळ केली तर आत रुतते, पण लाकूड उघडत नाही.

कोणते भंगार घ्यावे?

- ट्रॉलीचा जुना एक्सल किंवा 40 मि.मी. जाडीची माइल्ड स्टीलची सळई उत्तम.
- ट्रकच्या कमानीचे पाटे पातळ आणि कडक असतात. मोठ्या पाचरीसाठी ते टाळावेत.
- बीड घेऊ नये. घणाखाली ते फुटते.
- जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घालू नये, त्याचा धूर बाधतो. बंद नळी किंवा शॉकअब्सॉर्बर तापवल्यास स्फोट होऊ शकतो.
- रेल्वेचे लोखंड स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, 1966 नुसार तो गुन्हा आहे.

लोखंड ओळखता येत नसेल तर ग्राइंडरला लावून पाहावे. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि सरळ पडतात. कार्बन जास्त असेल तर त्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड, तांबूस असतात.

कशी बनवावी?

1. तुकडा भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवून ऐरणीवर दोन्ही बाजूंनी सारखा उतार द्यावा. लाली उतरली की ठोकणे थांबवून पुन्हा तापवावा.
2. आकार आल्यावर शेवटचा ताव द्यावा. लोहचुंबक चिकटेनासे झाले की ताव पुरेसा आहे. मग पाचर भाताच्या तुसाच्या कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवावी. भातगिरणीच्या गावात ही राख सहज मिळते. ती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे लोखंड सावकाश निवते आणि मऊ राहते.
3. धार कानशीने किंवा ग्राइंडरने लावावी. वस्तऱ्यासारखी धार नको, चिरेत शिरण्यापुरती पुरे.
4. डोक्याच्या चारही कडा तिरप्या घासाव्यात.

पाणी का देऊ नये?

कोयत्याला कापायचे असते, म्हणून त्याला पाणी देतात. पाचरीला घणाचे घाव सोसायचे असतात. पाणी दिलेले डोके घणाखाली कपचते आणि कपची जोरात उडते. माझ्या डाव्या हातावर अशाच एका कपचीची खूण आहे. ती कपची वीतभर वर लागली असती तर आज हे लिहिताना एकच डोळा असता. मऊ पाचरीची धार बोथट होते, पण ती पुन्हा लावता येते.

वापरताना

- चष्मा आणि बूट घालूनच काम करावे. मुलांना लांब ठेवावे.
- ओंडक्याच्या टोकाला असलेल्या चिरेत पहिली पाचर हलक्या घावांनी बसवावी, मग जोर लावावा. ती अडकली तर पुढच्या चिरेत दुसरी मारावी, पहिली आपोआप सैल होते.
- कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकू नये, त्याने तिचे भोक पसरते.
- घाव बसून डोके छत्रीसारखे पसरले की लगेच कडा घासून काढाव्यात. तडा दिसल्यास पाचर भंगारात द्यावी.

उभे झाड तोडायचे असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार परवानगी लागते का, हे आधी वन विभागाकडे विचारावे. पाचर बनवायला सांगताना लोहारदादांना पहिल्यांदा एवढेच सांगा: "हिला पाणी द्यायचे नाही."