पत्राच्या मजकुरात दुवा कसा गुंफावा

तेरचे पुरावशेष किंवा नळदुर्गचा पाणीमहाल यांविषयी परगावच्या स्नेह्यांना ईमेल धाडताना मराठी विकिपीडियावरील पानाचा पत्ता जसाच्या तसा चिकटवला, तर पुष्कळदा 'धाराशिव' या सुबक नावाच्या जागी टक्क्यांची चिन्हे, आकडे आणि रोमन अक्षरे यांची दुर्बोध रांग उमटते. कारण प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो वा काना-वेलांटी, तीन बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जात असल्यामुळे, सात चिन्हांचे आपल्या जिल्ह्याचे नाव तब्बल ६३ अक्षरांचे होऊन बसते.

संगणकावरील जीमेलमध्ये यावर उपाय अत्यंत सुलभ आहे. मजकुरातील 'नळदुर्ग किल्ल्याची माहिती' हे शब्द निवडावेत, कंट्रोल आणि के या कळा एकत्र दाबाव्यात आणि उघडलेल्या चौकटीत पत्ता चिकटवावा, की झाले. 'येथे क्लिक करा' असे मोघम लिहिण्यापेक्षा दस्तऐवजाचे नावच दुवा करणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते.

तथापि दृश्य शब्द आणि त्यांमागील पत्ता भिन्न असू शकतात, आणि भामट्यांचे फावते ते नेमके येथेच. म्हणून पीकविम्याच्या वा बँकेच्या नावे आलेल्या पत्रातील दुव्यावर माऊस नुसता टेकवून, मोबाइलवर असाल तर बोट दाबून धरून, खरा पत्ता आधी वाचा, आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही ही रीत आवर्जून शिकवा.