लिंगोची जादू आणि भावकीतला संशय

मैत्रिणींनो, सुट्या लागल्या की आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या हातात कोणती पुस्तकं असतात, कधी बघितलंय? निम्म्या पुस्तकांत जादू असते. 'हॅरी पॉटर' तर मराठीतही आला. इंग्रजी वाचणाऱ्या मुलींमध्ये आणखी एका प्रकारच्या कादंबऱ्या आवडीने वाचल्या जातात. आयर्लंडमधलं एखादं जुनं घराणं, त्यातले तीन-चार भाऊ, त्यांच्या रक्तातच उतरलेली जादू, आणि एकावर संकट आलं की बाकीचे जीव पणाला लावणार. आई म्हणते, "काय हे भुताखेताचं वाचत बसलीस!" मुलगी मान वर करत नाही. मला विचाराल तर मुलींना त्यातली भुतं आवडत नाहीत, भाऊ आवडतात. मार खाऊनही एकमेकांना न सोडणारं घर कुणाला आवडणार नाही?

आयर्लंडच्या मातीत अशा गोष्टी पूर्वीपासून आहेत. लिर राजाच्या मुलांची कथा तिथे घरोघरी सांगतात. फिनुला नावाची बहीण आणि तिचे तीन भाऊ. सावत्र आई मत्सराने चौघांचे राजहंस करते. तीन वेगवेगळ्या पाण्यांवर तीनतीनशे, अशी नऊशे वर्षं त्यांनी काढायची, असा शाप. हंस झाले तरी त्यांचा आवाज माणसाचाच राहतो आणि त्यांच्या गाण्याने ऐकणाऱ्यांची दुःखं हलकी होतात. समुद्रावर वादळ आलं की बहीण तिन्ही भावांना पंखाखाली घेते. वाचताना आपल्याला नागपंचमीची कहाणी आठवते. माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला तिथे नागाच्या रूपात माहेर मिळतं, आणि सूड घ्यायला आलेली नागाची पिल्लं, ती आपल्यासाठीच प्रार्थना करतेय हे पाहून विरघळतात. देश कोणताही असो, बाईच्या मनातलं माहेर एकसारखंच दिसतं.

आता मी तुम्हाला आपल्या जंगलातल्या भावांची गोष्ट सांगते. चंद्रपूर-गडचिरोलीत राहून आपल्यापैकी कितीतरी जणींनी ती पूर्ण ऐकलेली नसते, म्हणून मुद्दाम सांगते.

गोंड समाजात पहांदी पारी कुपार लिंगो हे फार मोठं नाव. त्याची गाथा परधान गायक किंगरीवर पिढ्यान् पिढ्या गात आले. नागपूरला ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. त्यांनी ही गाथा एका परधानाच्या तोंडून ऐकून उतरवून घेतली. १८६३ साली ते ओढ्याच्या पुरात बुडून गेले, पण त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. म्हणजे ही गोष्ट कागदावर येऊनच दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली. लोकांच्या गळ्यात ती त्याच्या किती आधीपासून असेल!

त्या गाथेत चार गोंड भाऊ जंगलात राहतात. त्यांना लिंगो भेटतो आणि ते त्याला आपला भाऊ करून घेतात. भावांकडे शिकार आहे, पण विस्तव नाही. विस्तव आहे रिकड गवडी नावाच्या राक्षसाच्या शेतावर. एक भाऊ तो चोरायला जातो आणि जीव घेऊन पळत येतो. मग लिंगो भोपळ्याचं एक वाद्य तयार करतो, झाडावर चढून बसतो आणि वाजवायला लागतो. ते ऐकून म्हातारा राक्षस आणि त्याची म्हातारी दोघंही नाचायला लागतात! भांडण नाही, मारामारी नाही. विस्तव तर मिळतोच, वर राक्षसाच्या सात मुली सुना म्हणून घरी येतात. लिंगो स्वतः मात्र लग्न करत नाही. भाऊ म्हणतात, आम्ही शिकार करू, तू घरी राहा.

इथे गोष्ट वळण घेते. भाऊ रानात गेलेले असताना भावजया लिंगोला मोहात पाडायला बघतात. तो ऐकत नाही, रागावून मुसळ उचलतो. संध्याकाळी त्या नवऱ्यांकडे उलटी तक्रार करतात. भाऊ खरंखोटं विचारत नाहीत. शिकारीचं निमित्त करून लिंगोला रानात नेतात, मारतात आणि त्याचे डोळे काढतात. पुढे देवाच्या अमृताने लिंगो जिवंत होतो. आपल्या सिनेमात इथे सूड सुरू झाला असता. लिंगो मात्र त्या भावांच्या वाटेला जात नाही. तो निघतो महादेवाने गुहेत कोंडून ठेवलेल्या बाकीच्या गोंडांना शोधायला. महादेव त्याला बिंदो पक्ष्याची अंडी आणायला सांगतो. लिंगो त्या पक्ष्याची पिल्लं खाणाऱ्या भवरनागाला मारतो, पक्षीण उपकार मानून त्याला पाठीवर घेऊन येते, आणि गुहा उघडते. बाहेर आलेल्या लोकांना लिंगो घरं बांधून राहायला शिकवतो, त्यांची कुळं पाडतो, लग्नाचे नियम घालून देतो आणि निघून जातो.

प्रांतागणिक गोष्ट बदलते. आपल्या शेजारच्या बस्तरमध्ये लिंगो सात भावांतला सगळ्यात धाकटा आहे आणि त्याला अठरा वाद्यं वाजवता येतात. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात मुरियांचा हा लिंगो नोंदवलाय. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला सांगतात त्या कथेत काली कंकालीची तेहतीस मुलं गुहेत कोंडलेली आहेत. तिथे हिरासुका पाटालीर हा वादक आपल्या वाद्याने लोकांच्या अंगात बळ आणतो, गुहेवरची शिळा हलते, मुलं सुटतात, पण तो स्वतः त्या शिळेखाली जातो. दरवर्षी माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतूनही लोक जातात. एकदा जाऊन या.

या गोष्टीतली जादू मला फार शहाणी वाटते. तिने कुणाचं वाईट होत नाही. वाद्य वाजलं की विस्तव मिळतो, शिळा हलते, कोंडलेली माणसं मोकळी होतात. आणि गोष्ट नुसती गोष्ट म्हणून राहिली नाही, ती घराघरात नियम होऊन बसली. गोंड कुळं चार, पाच, सहा आणि सात देवांची असतात. हायमेनडॉर्फ या अभ्यासकांनी १९४० च्या दशकात आपल्या जिवतीच्या पहाडापलीकडच्या आदिलाबाद भागातल्या राजगोंडांचा अभ्यास केला. तिथे या गटांना सगा म्हणतात आणि लोक स्वतःला चार भावांचे, पाच भावांचे, सहा भावांचे, सात भावांचे वंशज मानतात, असं त्यांनी लिहिलंय. एकाच सगातले सगळे भाऊ-बहीण, त्यांच्यात लग्न नाही. अनोळखी गावात गेलेल्या माणसाने नुसतं किती देवांचा ते सांगितलं, तरी तो कुणाचा भाऊ आणि कुणाचा सोयरा ते ठरतं. कादंबरीतले भाऊ शेवटच्या पानावर संपतात. हे भाऊ अजून लग्नाच्या बोलणीत हजर असतात!

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट माझ्या मनाला टोचते. आयर्लंडची कथा असो की आपली गाथा, घर फुटतं ते बाईमुळे. तिथे सावत्र आई, इथे भावजया. लिंगोला मारलं भावांनी, पण ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतात त्या बायका. गोष्टीत हे चालून जातं. खऱ्या गावात मात्र याच सवयीने जीव जातात.

आधी आयर्लंडचंच सांगते, म्हणजे हे फक्त आपल्या जंगलातलं मागासपण आहे असं कुणाला वाटायला नको. १८९५ चा मार्च महिना. टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुण बाई राहायची. शिवणकाम करायची, चार पैसे स्वतःचे कमवायची. ती आजारी पडली. नवऱ्याच्या डोक्यात बसलं की ही आपली बायको नव्हे, पऱ्यांनी तिला पळवून तिच्या जागी दुसरीच ठेवलीय. तिला कडू काढे जबरदस्तीने पाजले आणि शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. त्या घरात तेव्हा तिचा बाप होता, आत्या होती, आणि तिचे सख्ख्यासारखे आतेभाऊ होते. त्यांनीच तिला धरून ठेवलं होतं. नवऱ्याने पंधरा वर्षं तुरुंगात काढली. मुली ज्या देशाच्या जादूच्या भावांवर जीव टाकतात, त्याच देशातले हे भाऊ.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामती केल्याच्या संशयावरून एका दलित कुटुंबातल्या लोकांना भर चौकात खांबांना बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला मारून जाळलं. पोलिसांनी पंधरा जणांना पकडलं, आणि त्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही असल्याच्या बातम्या आल्या. ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला. परका माणूस संशय घेतो तेव्हा घर तरी पाठीशी असतं. घरच उलटलं तर बाईने जायचं कुठे?

संशय येतो कुठून? बचतगटाच्या कामाने गावोगाव फिरताना मी हे किती वेळा ऐकलंय! "बाई, तिची नजर पडली अन् पोरगं तापानं फणफणून राहिलं." ताप खरा असतो. आपल्याकडे, विशेषतः गडचिरोलीत, मलेरिया वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. त्यातला मेंदूत जाणारा प्रकार असला की माणूस बरळतो, त्याला झटके येतात, आणि बघणाऱ्याला ते भूत लागल्यासारखंच दिसतं. त्यावर उपाय म्हणजे बोटाच्या थेंबभर रक्ताची तपासणी आणि वेळेवर गोळ्या. आशाताईंकडे तपासणीची सोय असते.

दुसरं कारण सिकलसेल. गडचिरोलीत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं. हा खरा रक्तातून उतरणारा वारसा आहे. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः धडधाकट दिसतो. मग एकाच घरात एका भावाचे हातपाय सुजतात, सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, आणि दुसरा भाऊ ठणठणीत! "एकाच घरच्या पोरांना काऊन लागते?" या प्रश्नाचं उत्तर गावाला मिळत नाही, आणि मग बोट जातं एकट्या राहणाऱ्या काकूकडे, विधवा चुलतीकडे, नाहीतर बांधावरून भांडण असलेल्या भावकीकडे. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी होते. लग्न ठरवताना कुळ आणि सगा आपण विचारतोच. तसंच मुलगा-मुलगी दोघांचाही रिपोर्ट विचारायला काय हरकत आहे?

कायदाही आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. एखाद्यावर करणी किंवा जादूटोणा करतो असा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. या कायद्यासाठी पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी असतो. फोन करायचा तर ११२ आहेच. आणि हो, भजन, कीर्तन, यात्रा, जुन्या संतांच्या चमत्कारांच्या गोष्टी यांना हा कायदा हात लावत नाही. म्हणजे लिंगोची गाथा खुशाल ऐका, सांगा.

पण फोन करण्याची वेळ येण्याआधी खूप काही आपल्याच हातात असतं. संशयाची पहिली कुजबूज विहिरीवर, नळावर, मोहफुलं वेचताना होते आणि तिथे बहुतेक आपण बायाच असतो. एखादी म्हणाली, "तिनंच केलं असन," की लगेच विचारा, "पोराचं रक्त तपासलं का?" एवढ्या एका प्रश्नाने बोलणं दवाखान्याकडे वळतं. जिच्याबद्दल कुजबूज चाललीय तिच्या घरी दोघीतिघींनी चहाला जाऊन बसा. गावाला दिसू द्या की ती एकटी नाही. आणि तुमच्याच घरात नवरा किंवा दीर असं बोलायला लागला तर तिथेच अडवा. जमत नसेल तर पोलीस पाटलांना आणि आशाताईंना वेळीच सांगा.

मुलींना जादूची पुस्तकं वाचू द्या. फक्त त्यांच्याशी बोला. लिंगोची गोष्ट सांगाल तेव्हा एक प्रश्न त्यांना जरूर विचारा, की भावांनी आधी लिंगोला बोलावून खरं काय ते विचारलं असतं तर काय झालं असतं? काय उत्तर येतं ते ऐका. आणि पुढच्या बैठकीत ते आपल्या गटातल्या सगळ्या जणींनाही सांगा.