सिडनी प्वाटिए : प्रतिमा आणि तिची मर्यादा

हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय नटांच्या वाट्याला प्रामुख्याने नोकराच्या वा विदूषकी भूमिका येत असताना सिडनी प्वाटिए (१९२७–२०२२) यांनी 'नो वे आउट' (१९५०) मध्ये डॉक्टर साकारला. बहामात बालपण गेलेल्या प्वाटिए यांना सदोष उच्चारांमुळे नाट्यसंस्थेने आरंभी नाकारले होते. रेडिओ ऐकून त्यांनी ते सुधारले. 'लिलीज ऑफ द फील्ड' (१९६३) या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

तथापि, त्यांच्या व्यक्तिरेखा अतिनिर्दोष, म्हणूनच श्वेत प्रेक्षकांना सोयीच्या आहेत, अशी टीका १९६७ मध्ये झाली. त्याच वर्षीच्या 'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये मात्र त्यांचा पोलीस अधिकारी श्वेत जमीनदाराची थप्पड तत्क्षणी परत करतो. निर्दोषत्व ही प्रवेशाची अट होती; तिच्या चौकटीत राहूनच प्वाटिए यांनी पडद्यावरील आज्ञाधारकतेची परंपरा खंडित केली, हे त्यांचे खरे योगदान होय.