पाण्यातली गुणगुण

उन्हाळ्यात तरणतलावावर पाय ठेवायला जागा नसते आणि जुलै उजाडेपर्यंत सकाळच्या बॅचला मोजकीच डोकी उरतात. सोडून गेलेल्यांना कारण विचारावे, तर गुडघा, पाऊस, दुकान अशी उत्तरे मिळतात. थोडे खोदून विचारले की खरे उत्तर येते : "कंटाळा येतो हो. तीच भिंत, तेच पाणी." डॉक्टरांनी साखरेसाठी किंवा सांध्यांसाठी पोहायला सांगितलेली आमच्या वयाची माणसे दमून नव्हे, तर कंटाळून पोहणे सोडतात, हे निवृत्तीनंतरच्या वर्षांत मी अनेकदा पाहिले आहे. म्हणूनच जे टिकतात त्यांच्या मनात पोहताना काय चालते, हा प्रश्न मला केवळ गमतीचा वाटत नाही.

सकाळी फिरायला जाणाऱ्याला रस्ता दिसतो, झाडे दिसतात, चार ओळखीचे भेटतात. पोहणाऱ्याला तळाच्या फरशीवरची गडद रेघ तेवढी दिसते. बोलण्याची सोय नाही. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे आवाज कोणत्या बाजूने आला हे कानांना उमगत नाही. स्पष्ट ऐकू येतात ते आपल्याच श्वासाचे बुडबुडे. डोळे, कान आणि जीभ अशी तिन्ही दुकाने बंद झाली की मनाचे एकच दुकान उघडे राहते. गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात मालकाचे डोके जसे भलतीकडे धावते, तसे तेही धावू लागते.

त्याला पहिले काम देता येते ते मोजण्याचे. यंत्रे येण्यापूर्वी बँकेत कॅशियर नोटा मोजत असताना त्याचे ओठ हलत आणि त्या वेळी कोणी हाक मारली, तर तो उत्तर देत नसे. पोहणाऱ्याची मोजणी त्याच जातीची असते, फक्त तिथे हाताखाली नोटांचे बंडल नसते. पन्नास मीटरच्या तलावात पंधराशे मीटरची शर्यत म्हणजे तीस फेऱ्या. इतक्या फेऱ्यांत हिशेब चुकणे किती साहजिक आहे, हे आंतरराष्ट्रीय नियम करणाऱ्यांनीही ओळखले आहे. आठशे आणि पंधराशे मीटरच्या शर्यतीत आघाडीवरच्या जलतरणपटूच्या शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या की शिट्टी किंवा घंटा वाजवून सूचना दिली जाते. जगातल्या अव्वल खेळाडूंनाही ही घंटा लागते, हे वाचून मला बरे वाटले.

फेऱ्यांहून बारीक मोजणी असते ती हातांची. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि शेवटच्या टप्प्यात त्याला भिंत दिसेनाशी झाली. एका फेरीला आपल्याला किती हात मारावे लागतात, हे त्याला सरावाने पाठ होते. तो हात मोजत गेला, अंदाजाने भिंतीला भिडला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेऊन बाहेर आला. विजयी असूनही आपण आणखी वेगाने पोहू शकलो असतो, ही रुखरुख त्याला होती, हा भाग निराळा.

मोजण्याचा कंटाळा येतो तिथे गाणे सुरू होते. किंबहुना ते सुरू करावे लागत नाही, आपोआप येते. सकाळी स्वयंपाकघरातल्या रेडिओवर कानावर पडलेली ओळ पाण्यात उतरताच परत येते आणि तासभर हटत नाही. अवघे गाणे क्वचितच येते, बहुधा मुखडाच घोळत राहतो. हातांची, पायांची आणि श्वासाची आवर्तने एकसारखी चाललेली असतात; त्यांत बसणारे स्वर मन उचलते आणि न बसणारे सोडून देते, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडच्या तालांशी हे फार छान जुळते. मुक्तशैलीत तीन हातांनंतर एक श्वास घेतला, तर एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे तोंड वळते आणि सहा हातांचे एक आवर्तन पूर्ण होते. हा सरळ सहा मात्रांचा दादरा झाला. दर दोन किंवा चार हातांनी श्वास घेणाऱ्याला आठ मात्रांचा केहरवा सोयीचा पडतो. आमच्या बॅचमधल्या एक निवृत्त संगीत शिक्षिका, ज्यांना सगळे ताई म्हणतात, नव्याने आलेल्या बायकांना आधी ताल सांगतात आणि मग हात शिकवतात. प्रशिक्षकाला ते फारसे रुचत नाही. पण त्यांच्या शिष्या जुलैनंतरही येतात, हे त्यालाही दिसते आहे.

मात्र गाणे निवडताना थोडे तारतम्य हवे. लग्नाच्या वरातीत वाजणारे द्रुत गाणे मनात धरून निघालेला नवशिका दुसऱ्या फेरीतच धापा टाकतो, कारण हात गाण्यामागे धावतात आणि श्वास मागे राहतो. सरावात लय राखण्यासाठी टोपीखाली ठेवायचे, ठरावीक अंतराने टिकटिकणारे छोटे उपकरणही मिळते. स्पर्धेत मात्र गती राखून देणारे उपकरण चालत नाही. तिथे ज्याचा ठेका त्यानेच मनात धरायचा.

तलावात कंटाळा असतो, समुद्रात त्याच्या जोडीला भय असते. तिथे तळाची रेघही नाही. मुंबईत धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे 36 किलोमीटरचे अंतर पोहणाऱ्यांना मन कशात तरी गुंतवून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. याचा सर्वांत मोठा पसारा मांडला तो अमेरिकेच्या डायना नायड यांनी. वयाच्या 64 व्या वर्षी, 2013 मध्ये, हवाना ते फ्लोरिडातील की वेस्ट हे सुमारे 177 किलोमीटरचे अंतर त्या जवळजवळ 53 तासांत पोहल्या. हा त्यांचा पाचवा प्रयत्न होता. त्यांनी आपल्या आवडत्या गाण्यांची भली मोठी यादी डोक्यात ठेवली होती. शिवाय त्या इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश आणि फ्रेंच अशा चार भाषांत आकडे मोजत. एखादे गाणे अमुक वेळा म्हटले की इतके तास गेले, हे गणित त्यांनी सरावात बसवलेले होते. नोंदी अपुऱ्या असल्याच्या आक्षेपामुळे त्यांच्या या पराक्रमाला अधिकृत मान्यता मिळालेली नाही. व्हाउचर अपुरे असले की काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. पण गाण्याचा घड्याळासारखा उपयोग होतो, ही त्यांची गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

काहींना गाणेही नको असते. त्यांना पाण्यात विचार सुचतात. मेंदूविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स हे पट्टीचे पोहणारे. 1974 मध्ये नॉर्वेतल्या डोंगरावर पाय जायबंदी झाला, तेव्हा नावाड्यांच्या वल्हवण्याच्या गाण्याचा ठेका मनात धरून ते सरपटत खाली उतरले. त्या अपघातावरच्या पुस्तकातली कितीतरी वाक्ये त्यांना तळ्यात पोहताना सुचली. बाहेर येऊन अंग न पुसताच ते ती लिहून काढत, त्यामुळे हस्तलिखितावर पाण्याचे डाग पडले होते.

आपल्या घरांत मात्र विचार म्हटले की उधारी, माल आणि जीएसटीचे विवरणपत्र हेच आधी डोक्यात येते. ते पाण्यात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वसुलीचा विचार सुरू झाला की हात जड पडतात आणि श्वास आखूड होतो. दिवसभरात जिथे फोन पोहोचत नाही असा आपल्या माणसांचा हा एकमेव तास आहे. आता पाण्यात चालणारे इयरफोन निघाले आहेत आणि मुले ते वडिलांना हौसेने भेट देतात. त्यांची हौस मी समजू शकतो. पण काठावरच्या जीवरक्षकाची शिट्टी कानावर पडलीच पाहिजे, आणि बाहेरून ओतलेले गाणे आपल्या श्वासाची पर्वा करीत नाही.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद भुसार मालाचे व्यापारी आहेत, वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलाने आणलेले इयरफोन त्यांनी कपाटात ठेवून दिले. ते पोहताना जुने पाढे म्हणतात : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. एका फेरीला एक पाढा. पाढा संपला आणि भिंत आली नाही, तर आज वेग कमी पडला असे ते समजतात. शेजारच्या लेनमध्ये त्यांचा अकरा वर्षांचा नातू असतो. त्याची सवायकी पाठ झाली आहे. औटकी म्हणजे काय, हे तो परवा काठाला धरून आजोबांना विचारत होता.