घरात कोणते ‘स्मार्ट’ यंत्र आणावे?

मंडळी, हल्ली बाजारात ‘स्मार्ट’ वस्तूंचा सुकाळ झाला आहे. दिवा स्मार्ट, पंखा स्मार्ट, कुलूपसुद्धा स्मार्ट! स्मार्ट म्हणजे काय, तर मोबाईलवरून दुरूनही चालू-बंद करता येते ती वस्तू. यांतले काय घ्यावे आणि काय दुकानातच राहू द्यावे, ते आज पाहू.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा : या वस्तूवाचून माझे कोणते काम अडले आहे? दिव्याचे बटण तर हाताशीच असते. उलट स्मार्ट दिवा विझलेला दिसला, तरी हुकमाची वाट पाहत थोडी थोडी वीज खातच असतो. तेव्हा साधा एलईडी दिवा पुरे.

पंख्याचे निराळे आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, बीएलडीसी मोटरीचा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालला, तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. मात्र ही बचत मोटरीची, मोबाईलची नव्हे, बरं का! मोबाईलची जोड नसलेला बीएलडीसी पंखाही तेवढीच वीज वाचवतो.

खरा उपयोग विहिरीवर. शेतीची वीज रात्री आली की कंदील-बॅटरी घेऊन बांधावरून जावे लागते, पायाखाली साप-विंचवाचे भय. सिमकार्डावर चालणारा मोबाईल स्टार्टर असला, तर घरूनच पंप चालू होतो. घेताना दोन गोष्टी विचारा : विहिरीतले पाणी संपल्यावर आणि एखादा फेज गेल्यावर तो मोटर आपणहून बंद करतो का? नाहीतर मोटर जळायची. याची ऑटोस्विचशी मात्र गल्लत करू नका. घरोघर ऑटोस्विच लागले, की वीज येताच सारे पंप एकदम सुरू होतात, आणि त्या भाराने गावची डीपी जळते.

दुसरा प्रश्न : इंटरनेट गेले, तर वस्तू चालेल का? २०१६ साली अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचे ३०० डॉलरचे यंत्र कंपनीने आपली सेवा थांबवताच निकामी झाले. यंत्र धडधाकट, पण त्याला हुकूम पोचवणारेच उरले नाही!

तिसरा प्रश्न : पासवर्ड बदलता येतो का? त्याच साली ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रोग्रामने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले हजारो कॅमेरे परभारे ताब्यात घेतले होते. दारात कॅमेरा बसवलात, तर पासवर्ड त्याच दिवशी बदला. आणि तो घरात आत, माणसे उठतात-बसतात तिथे, लावूच नका.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. पंख्याचा हिशोब मुलांकडून घरच्या बिलावर करून घ्यावा. पोराने हिशोब दाखवला, की बापाला दुकानदाराच्या गोड बोलण्याची भूल पडायची नाही.